हळूभाऊ आणि बसणाऱ्या गाड्या

आमच्या ह्यांना सगळा बाजार हळूभाऊ म्हणतो आणि त्यात बाजाराची काही चूक नाही. गाडी रॅम्पवर चढताना "हळू", उतरताना "हळू", गिऱ्हाईक नुसतं दार लावायला गेलं तरी "हळू". लग्न नवं होतं तेव्हा मी एकदा जिना धडाधड उतरले, तर मागून तेच. मला वाटलं, किती काळजी करणारा नवरा मिळाला. पुढे कळलं की काळजी वगैरे काही नाही, हा माणूस घाबरलेला आहे. आणि तो त्या जिन्यापुरता घाबरलेला नव्हता, तो जन्माचाच घाबरलेला होता.

हे विजेला भितात, भटक्या कुत्र्याला भितात, लिफ्ट मध्येच अडकेल म्हणून जिन्याने जातात. रक्त तपासायला सुई टोचायची म्हटलं की आदल्या दिवसापासून घास गिळत नाही. घरात पाल निघाली तर झाडू माझ्या हातात आणि हे खुर्चीवर उभे. अशा माणसाने पोटापाण्याला काय निवडावं? तर जगात ज्या गाड्या सगळ्यात दगाबाज, नेमक्या त्याच दुरुस्त करणं.

बड्या लोकांच्या महागड्या गाड्यांत काही गाड्या अशा असतात की त्यांना चाकांपाशी लोखंडी स्प्रिंगा नसतात. त्या तेलावर उभ्या असतात. इंजिन सुरू झालं की पंप तेल दाबतो, ते बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे जातं, तिथे वायू भरलेले नारळाएवढे लोखंडी गोळे असतात, आणि गाडी झोपेतून उठल्यासारखी सावकाश वर येते. मग रस्त्यात कितीही खड्डे असोत, आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. पण गाडीचं वय झालं की सील झिजतात, नळ्या गंजतात, गोळ्यांतला वायू निघून जातो. मालक सकाळी बाहेर येऊन पाहतो तर लाखमोलाची गाडी एका बाजूला बसलेली. अशा बसलेल्या गाड्या ओढून आमच्या गॅरेजमध्ये आणतात. मी काचेच्या खोलीत बसून फोन घेते, सामान मागवते आणि गिऱ्हाइकांची समजूत काढते. हे गाडीपाशी असतात आणि घाबरत असतात.

घाबरायला कारण होतं, हेही सांगायला हवं. हे शिकाऊ असताना त्यांचे उस्ताद अशाच एका गाडीखाली पाठीवर सरकत गेले. खाली आधार लावला नव्हता. गाडी आपणहून वर उभी होती आणि काम चुटकीसरशी होण्यासारखं होतं. नळी सुटली. साधी गाडी पडली तर धाडकन पडते, ही नुसती बसते. हे शेजारी उभे राहून पाना पुसत होते. ते सांगतात, आवाजसुद्धा झाला नाही, फक्त उस्ताद बोलता बोलता थांबले. ही हकिगत त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, तीही लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून.

त्यामुळे आमच्या गॅरेजमध्ये गाडीखाली स्टँड असतात, स्टँडच्या जोडीला लाकडी ठोकळे असतात आणि ठोकळ्यांच्या जोडीला काढलेलं चाक आडवं टाकलेलं असतं. माणसाचा नखाएवढा भाग आत जाणार असेल तरी आधी तेलाचा दाब सोडायचा. गळती हाताने शोधायची नाही, नळीवरून पुठ्ठा फिरवायचा. कारण त्या तेलाला दाब इतका असतो की केसाएवढ्या चिरेतून निघालेली धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडी भेदून आत शिरते. बाहेर दिसतो फक्त एक ठिपका, दुखतही नाही फारसं. आत मात्र तेल पसरत जातं आणि बोट आतून मरायला लागतं. हे सगळं हे प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचे. लोक चहाचा कप तसाच खाली ठेवायचे.

आणि सगळ्यात मोठा नियम किल्लीचा. जो गाडीपाशी वाकलेला, किल्ली त्याच्याच खिशात. म्हणजे त्याचे हात आत असताना दुसरं कुणी इंजिन सुरूच करू शकत नाही. काम संपलं, हात बाहेर आले, की मगच तो किल्ली दुसऱ्याला देणार. किल्ली त्याच्याकडून सुटली याचा अर्थ गाडी मोकळी झाली. आमच्याकडे हे इतकं ठरून गेलं होतं की त्यावर कुणी बोलतही नसे.

एवढं करूनही ह्यांची खरी इच्छा वेगळीच असायची. आलेल्या प्रत्येक मालकाला हे आधी हळूच सांगून पाहायचे, "हे तेलाचं प्रकरण काढूनच टाकू. साध्या स्प्रिंगा बसवून देतो. थोडे हादरे बसतील, पण रात्री झोप लागेल." झोप कुणाला लागेल ते मला ठाऊक होतं. काही जण ऐकायचे, काही जण म्हणायचे, स्प्रिंगाच हव्या होत्या तर ही गाडी कशाला घेतली असती. मी कपाळाला हात लावायचे. आलेलं काम परतवू पाहणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

स्प्रिंगांच्या विरोधात घरातच एक माणूस होतं, आमची लेक. तिला आम्ही छोटी म्हणतो; ती उंचीने बापाच्या वर गेली तरी छोटीच. शिक्षण पुरं करून ती सरळ गॅरेजमध्ये आली. म्हणाली, "मला हेच करायचंय. बाबा काढून टाकतात, मी दुरुस्त करणार." बसलेली गाडी वर उठताना पाहायला तिला एवढं आवडायचं की काम दुसऱ्याचं असलं तरी ती हातातलं टाकून बघायला यायची. आणि भीती म्हणाल तर औषधालाही नाही. लहानपणी वीज कडाडली की ती खिडकीपाशी धावायची आणि हे पांघरुणात. ती गाडीखाली शिस्तीत जायची, सगळे नियम पाळायची, पण शीळ घालत जायची. तिची शीळ गाडीखालून ऐकू आली की माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. ती थांबली की त्याहून जास्त.

एकदा जेवणं झाल्यावर हे मला म्हणाले, "आपल्या घरात एक तरी माणूस असं निघालं. माझा रोग तिला लागला नाही." तोंडावर असं समाधान होतं की जणू पोरीने काही बक्षीस आणलंय. मी म्हटलं, "थोडा लागला असता तर बरं झालं असतं." हे एकदम गंभीर झाले. "असं बोलू नकोस," म्हणाले. "तुला माहीत नाही रोज सकाळी शटर वर करताना काय होतं ते."

तर आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी पहिली गाडी आली ती एका दंतवैद्य बाईंची. काळी, लांबलचक, पुढून डावीकडे बसलेली. ह्यांनी रिवाजाप्रमाणे स्प्रिंगांचं सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, "मी दिवसभर लोकांना सांगते, दात काढू नका, वाचवा. मग माझ्या गाडीचं तुम्ही वाचवा की." छोटी मनापासून हसली. बाई तिथेच खुर्ची घेऊन थांबल्या.

चाकाकडे जाणारी नळी गंजली होती. ह्यांनी नवी टाकली, सांधा आवळला. आता दाब चढवून बघायचं एवढंच राहिलं होतं, म्हणून दाब सोडायचा स्क्रूही त्यांनी बंद केला. तेवढ्यात बाईंना आठवलं की चष्मा डिकीत राहिलाय. त्यांनी किल्ली मागितली. एरवी ह्यांनी दिली नसती. पण बाई डॉक्टर, वर गोड बोलणाऱ्या, त्यांना नाही कसं म्हणायचं. ह्यांनी खिशातून किल्ली काढून दिली आणि हे पुन्हा चाकापाशी वाकले. हातमोजा काढून शेवटचं एकदा सांधा बोटाने चाचपू लागले. इंजिन बंद असलं, दाब नसला, की तेवढं चालतं. सांधा कोरडा आहे की ओलसर, हे उघड्या बोटाला लगेच कळतं.

बाईंनी डिकीतून चष्मा घेतला आणि किल्ली समोर आलेल्या छोटीच्या हातात ठेवली. छोटीने किल्लीकडे पाहिलं. पलीकडच्या चाकाआड वाकलेले बाबा तिला तिथून दिसत नव्हते. किल्ली बाबांकडून सुटली म्हणजे बाबा मोकळे झाले, एवढंच तिला माहीत होतं, आणि ते आम्हीच शिकवलं होतं. "थांबा, उचलूनच दाखवते तुम्हाला," ती बाईंना म्हणाली आणि दारातून आत वाकून तिने इंजिन सुरू केलं.

मी काचेमागे फोनवर होते. हे चाकापाशी एकदम ताठ झालेले मी पाहिले. ओरडले नाहीत. "बंद कर," एवढंच म्हणाले. छोटीने बंद केलं आणि विचारलं, "काय झालं?"

"सांधा अजून ओला आहे," हे म्हणाले आणि उजवा हात त्यांनी खिशात घातला. "तू आवळ आता. मी बघतो."

छोटीला तेवढंच हवं होतं. तिने दाब सोडला, सांधा नव्याने बसवला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून शीळ घालत काम संपवलं. गाडी वर आली, बाईंनी टाळ्या वाजवल्या. हे खांबाला टेकून बघत होते, तोंडावर हसू होतं. मला वाटलं, पोरीचं कौतुक चाललंय.

जेवताना हे डाव्या हाताने चमच्याने खायला लागले. मी म्हटलं, "साहेब झालात वाटतं आज." म्हणाले, "ग्रीस निघत नाहीये हाताचं." ग्रीसच्या हाताने हा माणूस आजवर जेवला नव्हता की काय? पण माझ्या डोक्यात तेव्हा दुसऱ्या गाडीचं सामान होतं, मी सोडून दिलं.

संध्याकाळी घरी आलो. हे आरशासमोर उभे राहून शर्टाच्या गुंड्यांशी झटत होते आणि एकही गुंडी सुटत नव्हती. मी सोडवायला गेले आणि त्यांचा उजवा हात पाहिला. अंगठ्याशेजारचं बोट फुगून तिप्पट झालं होतं. टोक पांढरं फटक, मेणासारखं, आणि त्यावर मधोमध एक काळा ठिपका. मी हात लावला तर बोट गार होतं. त्या ठिपक्याबद्दल मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला वेगळं काही विचारावं लागलं नाही.

"कधी?" मी विचारलं.

"आत्ताच. शटर ओढायच्या आधी."

छोटीने गाडी काढली. ती चालवत होती, हे तिच्या शेजारी, मी मागे. वळणावर ह्यांच्या तोंडून सवयीने "हळू" निघालं. मी म्हटलं, "आज हळू नाही. छोटे, दामट." पोरीचे खांदे कानापर्यंत वर गेले होते. तिला तशी मी कधी पाहिली नव्हती.

दवाखान्यात सर्जन भला माणूस भेटला. तेल म्हणताच त्याने दाब किती, तेल कोणतं, एवढंच विचारलं आणि बोट उजेडात धरलं. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. मग त्याने विचारलं, "कधी झालं हे?"

"आत्ता अर्धा तास," हे म्हणाले. "एकटाच होतो मी."

एकटे होतात का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

सर्जन नर्सला म्हणाला, "आतलं ऑपरेशन संपलं की लगेच ह्यांना घेऊ. जखम अर्ध्या तासाचीच आहे, तोवर थांबता येईल." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "यात सगळं वेळेवर अवलंबून असतं. लवकर उघडलं तर बोट वाचतं. उशीर झाला तर हात, आणि त्याहून उशीर झाला तर मी काहीच सांगू शकत नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. डाव्या हातातला चमचा मला आठवला. मग खिशात गेलेला हात आठवला, आणि काचेपलीकडे दारातून आत वाकलेली छोटी. मी भिंत धरली. हा माणूस दिवसभर ते तेल हातात घेऊन बसला होता. बोटात काय चाललंय हे सगळ्या शहरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सुईला घाबरणारा, पालीला घाबरणारा माणूस, खांबाला टेकून हसत उभा होता, कारण तेव्हाच दवाखान्यात गेला असता तर पोरीला कळलं असतं, कुणाच्या हातून झालं ते.

हे माझ्याकडेच बघत होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असणार. मान हलवली न हलवली अशी हलवली. नको, सांगू नको. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते तेवढंच.

छोटी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बोलले तर हिचं काय होईल, न बोलले तर ह्यांचं काय होईल, दोन्ही मला एकदम दिसत होतं आणि दोन्हींची सारखीच धास्ती वाटत होती. आणि मग मला ह्यांचा राग आला. असा राग की त्या रागानेच माझं तोंड उघडलं.

"डॉक्टर, हे खोटं बोलताहेत," मी म्हटलं. "सकाळी झालंय. जेवायच्या कितीतरी आधी. दुपारी ह्यांना घास धरता येत नव्हता."

सर्जनचा चेहरा बदलला. त्याने एक शब्दही जास्त न बोलता नर्सला दुसरी खोली उघडायला सांगितली, फोनवरून आणखी कुणाला तरी बोलावलं. ह्यांना चाकांच्या खाटेवर निजवलं. हे छताकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"सकाळी?" छोटी म्हणाली. "सकाळी कधी?"

नर्सने खाट दाराकडे वळवली.

"मी बाईंना दाखवलं तेव्हा?"

खाट दारातून आत गेली. छोटी तिथल्या बाकावर बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

हात वाचला. बोट गेलं. पुढचे दिवस जखम उघडायची, धुवायची, पुन्हा बांधायची, असं चाललं होतं. तापाने हे बरळायचे आणि मी उशाशी बसून देवाचं नाव पुटपुटत राहायचे. सर्जन म्हणाला, तुम्ही बोललात म्हणून हात राहिला, आतलं ऑपरेशन संपेपर्यंत थांबलो असतो तर कठीण होतं. मी ते ह्यांना शब्दशः सांगितलं. हे म्हणाले, "ठीक आहे," आणि तोंड फिरवलं. ताप उतरला तरी माझ्याशी नीट बोलेनात. मीही बोलायला गेले नाही. मला पुन्हा त्या जागी उभं केलं तर मी पुन्हा तेच सांगेन, मग हे जन्मभर रुसून बसले तरी चालतील.

छोटी रोज यायची, पण खोलीत यायची नाही. बाहेर बाकावर बसायची. डबा माझ्या हातात द्यायची, औषधं आणून द्यायची, आणि बाक सोडायची नाही. गॅरेज बंदच होतं. मी एकदा विचारलं, उघडायचं का, तर म्हणाली, "आई, तू दुसरं कुणीतरी बघ. मी आता गाडीला हात लावणार नाही." एवढं बोलताना तिचे ओठ पांढरे पडले.

अखेर माझं डोकं फिरलं. एका दुपारी मी तिला दंडाला धरून उठवलं आणि खोलीत नेऊन उभं केलं. म्हटलं, "काय बोलायचं ते एकमेकांशी बोला. मी तुमच्यामधली टपालवाली नाही."

छोटी पांढऱ्या बँडेजकडे बघत होती आणि हे छोटीकडे.

"का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"तू घाबरली असतीस."

"आणि हात गेला असता तर?"

"हात माझा होता," हे म्हणाले.

"आता घाबरलेच आहे ना मी," छोटी म्हणाली. "काय फायदा झाला? किल्लीकडे बघवत नाही मला. रस्त्यावर कुठे गाडी सुरू झाली तरी हातपाय थंड पडतात. काल आईने मिक्सर लावला तर मी किंचाळले. मी अशी नव्हते बाबा."

"नव्हतीस," हे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला उजवा हात उचलला गेला, मग डावा. मला वाटलं, आता हे कोलमडणार. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीचं समाधान होतं तीच समोर मोडून पडली होती, आणि ती मोडायला मीच तोंड उघडलं होतं.

पण हे कोलमडले नाहीत. नाक ओढलं, थोडे वर सरकले आणि डाव्या हाताने पलंगाची कड थोपटली.

"ये, इथे बस," म्हणाले. "घाबरून काम कसं करायचं, ते मला येतं. माझं सगळं आयुष्य तेच करण्यात गेलंय. सांगतो तुला."

छोटीने स्टूल ओढलं आणि बसली. मी पाणी आणते म्हणून बाहेर आले आणि बाहेरच थांबले.